फक्त त्याच्या शब्दावर

पाऊस असा आडवा येत होता की दुकानाच्या छपराखाली उभं राहूनही माणूस भिजावा. तो तसाच भिजत उभा होता, छातीशी एक पेटी कवटाळून. रेनकोट होता त्याच्याकडे, पण तो त्याने पेटीला घातला होता.

"आत या," मी म्हटलं. "पेटीला सर्दी व्हायची."

हसावं की हसू नये हे न ठरवलेल्या माणसासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत आला. केसांतलं पाणी हनुवटीपर्यंत ओघळत होतं. मी काउंटरवरून नॅपकिन पुढे केला, तर त्याने आधी पेटीच पुसली.

"तुमच्या नळाचं थोडं पाणी मिळेल?"

"एवढं भिजूनही तहान?"

"प्यायला नाही हो. तपासायला." त्याने गळ्यातलं ओळखपत्र उचलून दाखवलं. "मी जलकेंद्रातल्या प्रयोगशाळेत असतो. शहरातल्या निरनिराळ्या नळांचं पाणी नेऊन तपासतो. आज तुमची गल्ली."

मी त्याला मागे भट्टीजवळच्या नळाकडे नेलं. त्याने नळ जरा वेळ वाहू दिला, मग पेटीतली एक छोटी बाटली काढून गळ्यापर्यंत भरली आणि झाकण लावलं... इतक्या हळुवारपणे की आमच्या त्या जुन्या नळालाही कानकोंडं वाटलं असेल.

"पास झालो तर कळवाल?" मी विचारलं.

"नापास झालात तरच कळवतो."

"म्हणजे तुम्ही पुन्हा आला नाहीत, तर बरं म्हणायचं."

तो पेटी बंद करता करता थांबला. "हं... तसंच होतं खरं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पाव घ्यायला आलं तर चालतं ना?"

तो दुसऱ्याच दिवशी आला. मग येतच राहिला.

आमच्या बेकरीच्या वरच आमचं घर. आई माझ्या लहानपणीच गेली; आता बाबा आणि मी दुकान चालवतो. दादा नोकरीपायी लांब, आणि वहिनीला आठवा महिना. ती दुपारभर जिन्यापाशी खुर्चीत बसायची, पाय पिठाच्या डब्यावर, आणि बिस्किटांचे पुडे बांधता बांधता सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवायची. संध्याकाळी जलकेंद्र सुटायची वेळ झाली की माझ्याआधी तिचीच मान दाराकडे वळे.

"आले गं तुझे बाटलीवाले."

"माझे कशाला? गिऱ्हाईक आहेत."

"एकटा माणूस एवढा पाव खातो? घरी हत्ती पाळलाय का विचार तरी."

मी खरंच विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. "हत्ती नाही. उरतो तो सकाळी गच्चीवर पाखरांना घालतो."

"आमचा पाव पाखरांना?"

"त्यांना आवडतो." तो पिशवीचं तोंड उगाच दुमडत राहिला. "मला... दुकान आवडतं."

जिन्यापाशी वहिनीला एकाएकी खोकल्याची उबळ आली. बाबांनी भट्टीत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. आणि मी त्या दिवशी त्याला सुटे पैसे परत द्यायचे विसरले. तोही घ्यायचे विसरला.

मग एका संध्याकाळी तो आला आणि पाव मागायचं विसरला.

वहिनी पाणी पीत होती. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, त्यामुळे तिची बाटली सदा हाताशी असे. तो दारातच खिळला आणि तिच्या घशाकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

"जरा बाहेर येता?"

बाहेर भुरभुर चालू होती. त्याने मागे वळून पाहिलं, समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनींना नळाचं पाणी देऊ नका. आजपासून. आत्तापासून."

"का? गढूळ आलंय?"

"दिसायला स्वच्छच असतं ते. चवीलाही काही कळत नाही."

"मग उकळून देऊ?"

"उकळून जात नाही." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "शिसं आहे त्यात. नदीच्या वरच्या अंगाला बॅटरीचा कारखाना आहे ना, तिथूनच येत असणार. मी पुन्हा पुन्हा तपासलं, वाटलं माझंच चुकतंय. नाही चुकत. मोठ्या माणसाला एवढ्यात काही होणार नाही. पण लहान मुलं... आणि पोटातलं मूल..."

"कधीपासून आहे?"

"तेच सांगता येत नाही."

"मग तुम्ही लोक गप्प का?"

"साहेब म्हणतात, बाहेरच्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. निवडणूक तोंडावर आहे, लोक बिथरतील म्हणतात. माझे सगळे अहवाल कपाटात टाकून किल्ली स्वतःच्या खिशात घातली त्यांनी. माझ्यापाशी दाखवायला काही नाही. नुसता शब्द आहे." त्याने माझं मनगट धरलं. "कोणाला सांगू नका. नाही ना सांगणार?"

"नाही," मी म्हटलं.

पहिल्यांदाच त्याने माझा हात धरला होता आणि मला लाजायला सुचलं नाही. मी फक्त आतल्या नळाचा आवाज ऐकत होते. बाबा उद्याच्या पावासाठी पाणी भरत होते.

वहिनीला मी सांगितलं की टाकी धुवायला झाली आहे, आणि वाण्याकडून पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणून तिच्या खुर्चीशी मांडल्या. तिला ते खरं वाटलं. माझं तिला नेहमीच खरं वाटतं. पण सकाळी पावाचा पहिला घाणा निघाला, त्याचा तो गोड, गरम वास घरभर पसरला, आणि मला तो नकोसा झाला. त्याच पाण्यात मळलेलं पीठ. तो पाव मी माझ्या हाताने कागदात गुंडाळून लोकांना दिला. शाळेत जाणाऱ्या मुलांना दिला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. आणि प्रत्येक वेळी मनगटावर त्याची बोटं जाणवायची.

तेवढ्यात शेजारच्या बालवाडीच्या बाई आल्या. त्यांच्याकडे नळाला जोर नाही, म्हणून मुलांचं प्यायचं पाणी त्या रोज आमच्याकडूनच भरून नेत. त्यांनी कळशी नळाखाली लावली, तोटी फिरवली आणि माझ्याशी त्यांच्या गुडघेदुखीबद्दल बोलू लागल्या. कळशीत पाणी चढत होतं. निम्मी झाली... गळ्याशी आली...

मी हात पुढे करून नळ बंद केला.

"बाई, हे पाणी मुलांना देऊ नका."

"का गं?"

"देऊ नका. शिसं आहे त्यात. मला कोणी सांगितलं ते विचारू नका."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कळशी मोरीत पालथी केली आणि जवळजवळ पळतच गेल्या. मी वळले तर बाबा मागे उभे. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले.

"खरं आहे?"

"हो, बाबा."

"कोणी सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही."

बाबांनी क्षणभर माझा चेहरा वाचला. मग जाऊन मळायचं यंत्र बंद केलं. भट्टी विझवली. "आत काय घातलंय हे न विचारता लोक आपला पाव खातात," ते म्हणाले. "तू सांगतेस ना? मग पुरे." आणि दुकानाचं शटर त्यांनी स्वतः ओढलं. बाहेर पाटीवर खडूने मी लिहिलं: नळाचं पाणी पिऊ नका.

दुपारपर्यंत त्या पाटीची बातमी शहरभर झाली. आणि संध्याकाळी मामा आला.

माझा मामा आमच्या प्रभागाचा नगरसेवक. आई गेली तेव्हा मला शाळेत सोडायला तोच यायचा, एका हाताने माझं दप्तर आणि दुसऱ्या हाताने लोकांना नमस्कार करत. अंगणात गरगर फिरायचे म्हणून माझं भिंगरी हे नावही त्यानेच पाडलेलं. तो आत आला, खुर्चीत बसला आणि त्याने घाम पुसला.

"भिंगरे, कोण म्हणालं तुला?"

मी त्याच्यापुढे पाण्याची सीलबंद बाटली ठेवली.

"तो पाणी तपासणारा पोरगा ना? इथे रोज येतो तो? अगं, निवडणूक जवळ आली की असली गोरीगोमटी पोरं गल्लीबोळांत हिंडायला लागतात. तुझ्या तोंडून हे बाहेर आलं की लोक काय म्हणणार? नगरसेवकाची भाचीच सांगतेय. मी संपलो. त्याला पाठवणाऱ्या विरोधकांचं काम झालं."

"मामा, तू विचारलंस का जलकेंद्रात?"

"स्वतः जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, काही नाही, निर्धास्त राहा. माझ्या तोंडावर खोटं बोलेल तो माणूस? वीस वर्षांची ओळख आहे."

बाबा शांतपणे म्हणाले, "मेहुणे, पोरगी खोटं नाही बोलत."

"भावजी, ती नाही बोलत. पण ती ज्याचं ऐकतेय तो?"

ते वाक्य तो घरात सोडून गेला, आणि ते माझ्या मागे मागे फिरू लागलं. कारण ज्याच्याबद्दल ते होतं, तोच आला नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. फोन लावला की बंद. दुकान मिटलेलं, आणि मी बंद शटरच्या आत बसून बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाला कान देत होते. कोणाला काही झालं नव्हतं. कोणी आजारी नव्हतं. लोक शटरवर थापा मारून विचारायचे, "काय हो, मेलं का कोणी?" आणि हसत जायचे. बालवाडीच्या बाई तेवढ्या न हसता गेल्या.

त्याचं नाव सोडून मला त्याच्याबद्दल काय माहीत होतं? तो पाखरांना पाव घालतो, हे त्यानेच सांगितलेलं. त्याला दुकान आवडतं, हेही त्यानेच. तो खोटा असेल तर मी मामाला बुडवलं होतं. आणि खरा असेल तर... वहिनी पोटावर हात ठेवून बसलेली दिसायची. बाळ हललं की ती मला बोलवायची. मला तिच्या पोटाला हात लावायची भीती वाटायची. तो खोटा निघावा असं मी त्या दिवसांत कितीदा मागितलं असेल. ज्याच्यावर जीव जडला तो लबाड निघावा म्हणून प्रार्थना करणारी मुलगी बघितली आहे कोणी?

मामाने शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. अर्धं शहर आलं होतं. ओल्या छत्र्यांचा वास, मुलांची रडारड, आणि स्टेजवर मामा, त्याच्या शेजारी जलकेंद्राचे साहेब. टेबलावर पाण्याने भरलेला जग.

"हे पाणी मी आत्ता, तुमच्यासमोर, या शाळेच्या नळातून भरून आणलंय," मामा म्हणाला. त्याने ग्लास भरला. "माझ्या घरी हेच पितात. तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना? मग बघा."

त्याने ग्लास उचलला.

"नगरसेवकसाहेब, पिऊ नका."

आवाज मागून आला. सगळ्या माना वळल्या. दारात तो उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, आणि आवाज इतका कापत होता की मलाच उठून त्याच्यापाशी जावंसं वाटलं.

"तुम्हाला काही होणार नाही," तो म्हणाला. "एका ग्लासाने काही होत नाही. पण तुम्ही प्यायलात की घरी जाऊन हे सगळे पितील. त्यांची मुलं पितील."

"तू तपासलंस?" मामाने विचारलं.

"हो."

"पुरावा?"

"माझ्याकडे नाही."

लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. मामाच्या हातात ग्लास तसाच होता. त्याने त्या गर्दीत मला शोधलं. शाळेच्या फाटकाशी शोधायचा, तसंच.

"भिंगरे, उभी राहा. तुझा याच्यावर विश्वास आहे?"

मी उभी राहिले. आजूबाजूला सगळे ओळखीचे चेहरे, ज्यांनी माझ्या हातून पाव घेतला होता. मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त त्याचा त्या संध्याकाळी उतरलेला रंग आठवत होता. तो चेहरा वठवता येत नाही, एवढंच मला कळत होतं.

"आहे," मी म्हटलं. मग मागे ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं, "माझा आहे."

मामा माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच शेजारी वळला. "काय हो साहेब, काय म्हणतोय हा?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "तसं काही नाही... म्हणजे, दुसरा निकाल अजून यायचाय."

"दुसरा?" मामा म्हणाला. "म्हणजे पहिला आलाय?"

साहेबांनी समोरचा जग उगाच बाजूला सरकवला.

मामाने ग्लास खाली ठेवला. मग तो माइकजवळ आला आणि म्हणाला, "घरी जाऊन नळ बंद करा. बाकी माझ्याकडे लागलं." माझा मामा निवडणूक हरणार हे त्याला त्या क्षणीच कळलं असावं. तो नंतर हरलाही. पण त्या संध्याकाळी रस्त्यात उभा राहून टँकर सोडणारा तोच होता.

गर्दीत मला त्याला गाठता आलं नाही. आणि पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता.

दवाखान्याच्या त्या पांढऱ्या पॅसेजमध्ये बाबा खिडकीशी उभे होते, पाठ करून. दादा वाटेत होता. वहिनीला आत नेलं तेव्हा तिने माझा हात सोडला नव्हता. "टाकी धुवायची होती ना गं?" तिने विचारलं होतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले होते. बाकावर बसून मी दाराकडे बघत होते, तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन बसलं. मान न वळवताही मला कळलं कोण ते.

"मला सक्तीच्या रजेवर पाठवलं," तो म्हणाला. "फोन ऑफिसचा होता, काढून घेतला. पण ते कारण नाही. यायचं असतं तर चालत आलो असतो. मी घरात बसून होतो. घाबरून."

"मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला," मी म्हटलं. "कोणाला सांगणार नाही म्हणाले होते."

"हं."

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन."

"माहीत आहे मला." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं. सांगू नका म्हणताना आत कुठेतरी ठाऊक होतं की तुम्हाला गप्प बसवणार नाही. माझ्यात तेवढी छाती नव्हती. मी माझं ओझं गुपचूप तुमच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो."

मला राग आला. खरंच आला. त्या बंद शटरआडच्या संध्याकाळी, ते हसणारे लोक, मामाचा तो चेहरा... हे सगळं त्याने मला न विचारता माझ्यावर टाकलं होतं.

"हे विश्वास ठेवणं नाही झालं," मी म्हटलं. "हे वापरणं झालं."

"हो," तो म्हणाला. सारवासारव काही केली नाही. "पण काल दारातून आत येताना तुम्ही बसलेल्या दिसलात, आणि एकट्याने हे सगळं... म्हणजे मला ते बघवलं नाही. मला अजूनही भीती वाटतेय. आत्ता सगळ्यात जास्त वाटतेय."

मलाही वाटत होती. मी त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. बोलावंसं बरंच वाटत होतं, पण तेवढ्यात आतून काही ऐकू येतंय का म्हणून आम्ही दोघांनी एकदमच श्वास रोखला. काही नाही. भांडं पडल्याचा आवाज. पुन्हा शांतता. बाबांनी खिडकीच्या गजावर कपाळ टेकवलं.

आणि मग रडणं आलं. बारीक, चिडकं, न थांबणारं.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. वजन कमी आहे, पण आवाज ऐकताच आहात. आई ठीक आहे. दोघींचं रक्त तपासायला पाठवलंय. पुढचे काही महिने तपासत राहावं लागेल, आत्ताच काही सांगता येणार नाही."

बाबा खाली बसले आणि पोरासारखे रडले. मी उठायला गेले तर कळलं, माझा हात त्याच्या हातात आहे. कोणी कोणाचा धरला, कोण जाणे.

"काही निघालं तर?" मी विचारलं. "त्या तपासणीत काही निघालं तर काय करायचं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण जे निघेल ते मी तुला खरं सांगेन. लपवणार नाही, आणि तुझ्यावर ढकलणारही नाही. तपासत राहू आपण."

तुला म्हणाला होता तो. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला, पण या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही.

"आपण म्हणजे..." तो म्हणाला. "तू आणि मी. चालेल ना?"

आतून नर्सने हाक मारली, बाळाला कोण घेतंय म्हणून. "चल," मी त्याला म्हटलं, आणि हात न सोडता त्याला आत घेऊन गेले.